पीएलजीए या पॉलिमरचे औषध वाहून नेणारे नॅनोकण शरीरात आपोआप विघटित होतात, मग त्यांच्यावर पुन्हा पॉलिमरचं कोटिंग कशाला? पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) घ्यावं की कायटोसॅन?

तुम्ही बी.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी विचारलंय आणि गाइडनी दोन्ही नावं सांगून निवड तुमच्यावर सोडलीय, असं लिहिलंय. मी फॉर्म्युलेशनमध्येच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कण पुढे विघटित होणार का, हा एक प्रश्न. तोवर शरीर त्याचं काय करणार, हा दुसराच. पीएलजीए पाण्याच्या संपर्कात तुटत तुटत लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं हे खरं, पण त्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. रक्तात सोडलेला उघडा कण तेवढा वेळ फिरत राहतच नाही. त्याच्या पृष्ठभागाचं पाण्याशी जमत नाही, त्यामुळे शिरेत गेल्या गेल्या रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात. त्यातली काही प्रथिनं म्हणजे भक्षक पेशींसाठी ‘हा परका, याला गिळा’ अशी खूणच. यकृतातल्या कुप्फर पेशी आणि प्लीहा मिळून बराचसा डोस काही मिनिटांत उचलतात. औषध पाठवलं होतं कर्करोगाच्या गाठीकडे, पोचलं यकृतात.

अर्थात यकृत-प्लीहाच गाठायची असेल तर हे सोयीचंच. काळा आजाराचे परजीवी याच भक्षक पेशींत दडून बसतात. तिथे वापरतात त्या लायपोसोममधल्या (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांतल्या) अँफोटेरिसिन बी या औषधावर पीईजी नसतं, आणि त्यानं काही अडतही नाही. म्हणून ‘नॅनोकण आहे म्हणजे पीईजी पाहिजेच’ ही सवय मला पटत नाही.

पीईजीच्या साखळ्या भोवती पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना जवळ येऊ देत नाहीत. रुक्सांड्रा ग्रेफ, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये पीईजी जोडलेले विघटनशील नॅनोकण रक्तात जास्त वेळ टिकतात हे दाखवलं, आणि पुढे सगळ्यांनीच ती वाट धरली. पण पीईजी किती दाट बसलंय यावर सगळं अवलंबून आहे. विरळ असेल तर साखळ्या पृष्ठभागावर आडव्या पसरतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून प्रथिनं आत शिरतात. दाट असेल तरच त्या ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात. बहुतेक लोक 2000 ते 5000 डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचं पीईजी घेतात. तयार कणांवर नुसतं वरून लावलेलं रक्तात सुटून जाऊ शकतं, म्हणून पीएलजीए-पीईजी असं जोडलेलंच पॉलिमर विकत घ्या. ते ॲसिटोनमध्ये विरघळवून पाण्यात थेंब थेंब सोडलं की पीईजीचा भाग आपसूक बाहेरच्या बाजूला येतो.

पीईजीचे तोटेही आहेत. जो थर प्रथिनांना लांब ठेवतो, तोच कणाला हव्या त्या पेशीत शिरायलाही आडवा येतो. शिवाय काही जणांच्या शरीरात पीईजीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि मग दुसरा डोस पहिल्यापेक्षा लवकर साफ होतो. गाठीपर्यंत पोचण्याबद्दलही फार आशा ठेवू नका. 2016 मध्ये प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र आढावा आला, त्यात टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचलेला मध्यक वाटा 0.7 टक्के निघाला.

कायटोसॅनचं गणितच वेगळं. कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून ते बनतं, सौम्य आम्लात विरघळतं आणि तिथे धनभारित असतं. नाक, डोळा, आतडं यांच्या आतल्या बाजूचा श्लेष्म ऋणभारित, म्हणून कण तिथे चिकटून राहतो आणि औषधाला वेळ मिळतो. रक्तात मात्र ते नको. 7.4 पीएचला त्याचा बराचसा धनभार जातो आणि कण एकमेकांना चिकटायला लागतात.

आता प्रयोगाच्या टेबलावरचं. तुम्ही पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थेंब एकमेकांत मिसळू न देणारा पदार्थ) घालून इमल्शन पद्धतीनं कण करत असाल तर एक कोटिंग त्यांच्यावर आधीच आहे. पीव्हीए कितीही वेळा सेंट्रिफ्यूज करून धुतलं तरी थोडं राहतंच, आणि त्यामुळे कणाचा ऋणभार मुळापेक्षा कमी दिसतो. त्यावर कायटोसॅन चढवताना ते कणांच्या द्रवात थोडं थोडं ओतत बसू नका. भार ऋणाकडून धनाकडे जाताना मध्ये शून्याला येतो, आणि नेमका तिथे निळसर दुधी द्रव फाटल्यासारखा होऊन गुठळ्या तळाशी बसतात. उलट करा: कायटोसॅनचं जास्तीचं द्रावण ढवळत ठेवा आणि त्यात कण सोडा, म्हणजे शून्याचा टप्पा झटकन ओलांडला जातो. वेगवेगळ्या प्रमाणांत पाच-सहा बॅच करून प्रत्येकीचा आकार आणि झेटा पोटेन्शिअल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) मोजा. भार धन होऊन एका पातळीवर स्थिरावला की तेवढं कायटोसॅन पुरे. त्यापुढचं नुसतं द्रवात तरंगतं आणि तुमचे आकडे बिघडवतं.

तेव्हा आधी औषध कुठून द्यायचंय ते गाइडना विचारा. नाकातून किंवा डोळ्यात असेल तर कायटोसॅन, शिरेतून असेल तर पीएलजीए-पीईजी. बी.फार्म.च्या वेळात आणि बजेटमध्ये कायटोसॅन जास्त बसतं. काहीही निवडलंत तरी आकार फक्त डिस्टिल्ड पाण्यात मोजून थांबू नका, तिथे सगळेच कण शहाण्यासारखे वागतात. शिरेसाठी असेल तर सीरममध्ये आणि नाकासाठी असेल तर नाकातल्या द्रवासारख्या बफरमध्ये 37 अंशांना ठेवून काही तासांनी पुन्हा मोजा. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.