पॉवर की दाबली तरी मॅकिंटॉश-२ गप्पच

प्रश्न : मालवणला आमच्याकडे १९८७ सालचं मॉडेल, ॲपलचा मॅकिंटॉश-२ संगणक आहे. कीबोर्डवरची पॉवर की दाबली तर पंखाही फिरत नाही. पॉवर सप्लाय गेला असेल का?
— एक वाचक

उत्तर : सप्लायला लगेच हात लावू नका. हे यंत्र चालू करणारं सर्किट मदरबोर्डवरच्या ३.६ व्होल्टच्या दोन लिथियम बॅटऱ्यांवर चालतं; त्या उतरल्या की यंत्र मेल्यासारखंच वाटतं. प्लग काढून झाकण उघडा, मल्टिमीटर लावा. ३ व्होल्टच्या खाली असतील तर बदला. जुन्या बॅटऱ्या सोल्डर केलेल्या असतात. त्या जागी होल्डर बसवा, प्लस-मायनस जपून. यंत्र बंद ठेवणार असाल तर बॅटऱ्या काढूनच ठेवा, एखादी फुटली तर बोर्डाचे ट्रॅक (तांब्याच्या रेषा) खाते.

तरीही चालू झालं नाही, तर बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळलेत का बघा.

आपल्या खाऱ्या हवेत सहा नूबस स्लॉटच्या (कार्डं बसवायच्या खाचांच्या) पिनांवर हिरवट कळक चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. बोर्डावर व्हिडिओ नाही, तो स्लॉटमधल्या कार्डावरून येतो, त्यामुळे कार्ड नीट बसलं नाही तर पडदा काळाच राहतो. रंग १६च दिसले तर तो बिघाड नव्हे : ६४० × ४८० वर २५६ रंगांना ३,०७,२०० बाइट लागतात, आणि २५६ केबी मेमरीच्या कार्डात ते मावत नाहीत. ५१२ केबी हवी.