ठासणीच्या बंदुकीचा हंगाम आणि न दिसणारी हरणे

प्रश्न : आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात राहतो. शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण करून आणि परवाना काढून मी यंदा शेजाऱ्यांबरोबर नाताळनंतरच्या ठासणीच्या बंदुकीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची आणि चकमकीच्या ठिणगीने पेटवायची बंदूक) हंगामात हरणाच्या शिकारीला जाऊ लागलो आहे. नोव्हेंबरमध्ये ज्या ओकच्या झाडीत हरणे हमखास दिसत, तिथे आता दिवसभर बसूनही एक दिसत नाही. एकदा हरीण समोर आले, तर रंजक (बार पेटवण्यासाठी नळीबाहेर ठेवलेली चिमूटभर दारू) नुसतेच भुरकन जळले आणि बार झालाच नाही. हरणे संपली की आमचेच काही चुकते आहे?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : हरणे संपलेली नाहीत, त्यांनी जागा आणि वेळ दोन्ही बदलले आहेत. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चालत आलेला हा हंगाम नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ आणि रायफलींचा हंगाम हे दोन्ही उलटून गेल्यावर. नोव्हेंबरच्या मध्यावर माद्यांच्या मागे भान हरपून दिवसाउजेडी फिरणारे नर आता थकलेले असतात, आणि नोव्हेंबरअखेरीपासून दोन आठवडे बंदुकांचे आवाज ऐकलेले प्रत्येक हरीण माणसाच्या वासाला आणि पायरवाला कमालीचे सावध झालेले असते. ते उजेडात उघड्यावर येत नाही. त्यातच ओकची फळे बहुतेक संपलेली असतात, त्यामुळे आपण ज्या झाडीत बसता तिथे येण्याचे त्याला कारणच उरलेले नसते.

थंडीत हरीण आपली हालचाल आणि खाणे दोन्ही कमी करते आणि शरदात साठवलेल्या चरबीवर बरेचसे भागवते. अशा जनावराची वाट पाहण्यापेक्षा ते जिथे बसते तिथे जाणे शहाणपणाचे. चार-पाच वर्षांपूर्वी तोड झालेल्या जागी उगवलेले दाट रान, लॉरेल या सदाहरित झुडपांची गर्दी, वारा आणि बर्फ अडवणारी हेमलॉकची सदाहरित झाडी आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी दक्षिणेकडे उतरणारे डोंगराचे अंग, या चार ठिकाणी आधी माग काढा. बर्फ पडलेला असेल तर आपले काम निम्मे सोपे होते. खुरांच्या ठशांच्या कडा धारदार असतील तर माग ताजा समजावा, ढासळून गोठल्या असतील तर जुना. बर्फात शरीराच्या उबेने वितळलेली, हरीण बसल्याची लांबट जागा सापडली, तर त्या परिसरात वारा तोंडावर घेत, दोन पावले टाकून बराच वेळ थांबत पुढे सरकावे. थांबणे हाच यातला कठीण भाग आहे आणि नवखे शिकारी नेमके तिथेच घाई करतात. तिथले जुने शिकारी या हंगामात चार-सहा जणांचा हाका घालतात, तीही पद्धत चांगली. मात्र हाकेकरी आणि नाक्यावर बसलेले यांनी कोण कुठे आहे आणि कोणत्या दिशेला बार टाकायचा नाही, हे आधी ठरवून घेतलेच पाहिजे, आणि कायदा सांगो वा न सांगो, प्रत्येकाने भडक केशरी रंग अंगावर घालावा.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. कित्येक दिवस रिकाम्या हाताने परतल्यावर दूरवर उभे असलेले हरीण पाहून बार टाकण्याचा मोह होतो. चकमकीच्या बंदुकीतून कापडी चिंधीत बसवलेली शिशाची गोल गोळी सुटते, ती वेग लवकर गमावते, आणि दुसरा बार ठासायला सवयीच्या हातालाही अर्धा मिनिट लागतो. दुर्बिणीविना, नळीवरच्या उघड्या माशीने नेम धरणाऱ्या नवख्याने पन्नास यार्डांच्या पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. जखमी होऊन लॉरेलमध्ये शिरलेले हरीण शोधणे फार अवघड असते आणि त्याचे हाल आपल्या हातून झालेले असतात. हंगाम कोरडा गेला तरी चालेल, पण हे होऊ देऊ नका.

आता फुसक्या बाराविषयी. रंजक जळले पण आतली दारू पेटली नाही, याचा अर्थ बहुधा काना (रंजकाची आग नळीत नेणारे बारीक भोक) बुजलेला होता किंवा आतली दारू दमट झाली होती. काळी दारू हवेतला ओलावा शोषते आणि नळीत राहिलेली तिची राखही ओल धरते. म्हणून दारू भरण्यापूर्वी नळी कोरडी पुसावी, काना बारीक तारेने मोकळा करावा आणि धुके किंवा हिमवर्षाव असेल तर रंजक वरचेवर बदलावे. चकमकीची धार आणि ती जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी कोरड्या फडक्याने पुसत राहावे. कळीवर (चकमक आणि रंजक असलेल्या भागावर) मेण लावलेल्या चामड्याचे झाकण बांधले तर उत्तम. बार झाला नाही तर बंदूक लगेच खाली घेऊ नका, कारण आतली दारू उशिराने पेटू शकते. नळी निर्धोक दिशेला रोखून किमान मिनिटभर तशीच धरा आणि मगच पुन्हा रंजक घाला. संध्याकाळी बंदूक रिकामी करून, साफ करूनच घरात न्या; भरलेली बंदूक उबेत नेली की गार लोखंडावर दव धरते, आणि दुसऱ्या दिवशीचा बार तिथेच फुकट जातो.