फुटबॉलसाठी कबड्डी सोडायची का?

प्रश्न : मुलगा नववीत, वय १४. शाळेच्या फुटबॉल संघात लेफ्ट विंगला (डाव्या कडेने चढाई करणारा) खेळतो, ४०० मीटर धावतो आणि कबड्डीतही जिल्ह्यापर्यंत गेला आहे. सर म्हणतात, आता फक्त फुटबॉल धर. त्याला पुढे प्रशिक्षक व्हायचं आहे. यात पोट भरेल का? – एक वडील, गडहिंग्लज

नमस्कार,

सरांचा हेतू चांगलाच आहे, पण वेळ अजून आलेली नाही. सोळाव्या वर्षापर्यंत तिन्ही खेळ राहू द्या. कबड्डीत चढाईपटूसमोर खाली वाकून, पायांच्या चवड्यांवर वजन ठेवून उभं राहण्याची जी सवय लागते, तीच सवय फुटबॉलमध्ये समोरच्या विंगरला अडवताना लागते. ४०० मीटरमुळे एक लांब धाव मारून लगेच मागे परतायची ताकद येते. उद्या प्रशिक्षक म्हणून त्याला हे मुलांना समजावून सांगायचंच आहे.

चुनी गोस्वामी यांचं उदाहरण घ्या. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार. त्याच काळात ते बंगालकडून रणजी क्रिकेटही खेळत होते. १९६८मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमधली फुटबॉलची कारकीर्द थांबवल्यावर त्यांनी क्रिकेटवर भर दिला आणि १९७१-७२च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचं नेतृत्व केलं. पुढे ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे संचालक झाले. आज मोठ्या पातळीवर दोन खेळ सांभाळणं जवळपास अशक्य आहे, पण शाळेच्या वयात ते शक्य आहे आणि गरजेचंही आहे.

खरी अडचण वेळापत्रकाची. शालेय स्पर्धा पावसाळा आणि त्यानंतरच्या मोजक्या आठवड्यांत एकावर एक येतात. सोमवारी फुटबॉल, बुधवारी ४०० मीटर, गुरुवारी कबड्डी असं झालं की मांडीचा मागचा स्नायू किंवा जांघ धरते. त्यात पेठेतला मोठा संघ 'एक सामना खेळून जा' म्हणून बोलावतो आणि कडक मैदानावर मोठ्या माणसांशी टक्कर होते. नाही म्हणायला शिका. साधा हिशेब असा : आठवड्यातले खेळाचे एकूण तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, म्हणजे त्याला शाळा, क्लब सगळं धरून १४ तास. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा टाच दुखू लागली तर ते वाढीच्या वयातलं दुखणं असू शकतं. तेल चोळून पुन्हा मैदानात पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा. सरावाआधी 'फिफा ११ प्लस' हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप त्याला शिकवून घ्या. त्यात १५ व्यायाम आहेत आणि कुठलंही महागडं साहित्य लागत नाही.

आता पोटापाण्याचं. प्रशिक्षकाची वाट भारतीय फुटबॉल महासंघाच्या लायसन्सवरून जाते : डी, मग सी, बी, ए. डी लायसन्सला वय १८ पूर्ण हवं. पुढच्या प्रत्येक पायरीआधी प्रत्यक्ष मुलांना शिकवल्याचा अनुभव मागतात, म्हणून सगळी लायसन्स दोन-तीन वर्षांत उरकू असा बेत आखू नका. सोबत पदवी हवीच. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), आणि पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा. सुरुवातीची मिळकत तुटपुंजी आणि हंगामी असते, हे आत्ताच मान्य करा. पदवीचा आधार त्यासाठीच.

चांगला खेळाडू डी लायसन्सच्या प्रात्यक्षिकात अडखळतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच. तो २० मुलांना एका रांगेत उभं करतो आणि एकच चेंडू देतो. प्रत्येकाला २० सेकंद धरले तर १० मिनिटांत ३० पाळ्या होतात, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला जेमतेम दीड. त्याऐवजी चार-चार मुलांचे पाच संघ करा, दोन छोट्या मैदानांवर चार संघ खेळू द्या आणि पाचवा आलटून पालटून आत घ्या. मुलगा हे आतापासून शिकू शकतो : रविवारी शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलांचा एक तास सरांच्या देखरेखीखाली त्याच्याकडे द्या आणि त्या तासाचा आराखडा त्याला आदल्या दिवशी वहीत लिहायला लावा. कोणाला किती वेळा चेंडू मिळाला, हे त्याने स्वतः मोजावं.

कागदपत्रांत हयगय नको. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, त्यावरचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी तंतोतंत जुळते का ते मिळाल्या दिवशीच तपासा. दहावीचे क्रीडा गुण, म्हणजे खेळासाठीचे वाढीव गुण, शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयातून मिळतात. राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण पात्र कामगिरीवर आणि पडताळलेल्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतं. तिथे एका अक्षराच्या फरकानेही फाईल अडते. येत्या आठवड्यात जन्मदाखला आणि आजवरची प्रमाणपत्रं समोरासमोर ठेवून बघा. चूक सापडली तर शाळेकडून लेखी दुरुस्ती मागायला दहावीच्या अर्जापर्यंत अजून वेळ आहे.