‘कंपीट’चं मूळ आणि सांगोवांगीच्या गोष्टी

नरकासुर, आकाशकंदील, भजन, फुगडी... गोव्यात कशाचीही स्पर्धा भरते. ‘कंपीट’ या इंग्रजी क्रियापदाबद्दलचा गोंधळ मात्र वर्षभर संपत नाही. म्हणून या वेळी एवढ्याच शब्दाची उत्तरं.

प्र. ‘कंपीट’ आणि ‘कंप्लीट’ एकाच मुळाचे का? (विद्यार्थिनी, म्हापसा)

नाही. ‘कंप्लीट’ भरण्याच्या धातूपासून आला.

प्र. मुलाच्या शाळेत एक वक्ते आले होते. ‘कंपीट’चा खरा अर्थ ‘मिळून शोधणे’, म्हणून स्पर्धा म्हणजे सहकार्यच, असं ते म्हणाले. त्यावर त्यांची पैसे भरून कार्यशाळा आहे. मुलाला घालू का? (पालक, फोंडा)

अर्धं खरं सांगायचं आणि उरलेल्या अर्ध्याची पावती फाडायची, ही तऱ्हा आता फार झाली. लॅटिनमध्ये ‘कॉम्’ म्हणजे बरोबर आणि ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या मागे लागणं, तिच्याकडे झेपावणं, ती मागणं. ‘पिटिशन’ आणि ‘अ‍ॅपेटाइट’ यातूनच आले. आपल्या ‘पत्’ धातूशीही त्याचं दूरचं नातं आहे, म्हणजे ‘पतन’ आणि ‘पत्र’ हे त्याचे चुलत भाऊ. इथवर वक्ते बरोबर.

पण जुन्या लॅटिनमध्ये ‘कॉम्पेतेरे’ म्हणजे एकत्र येणं, जुळणं, योग्य असणं. ‘कॉम्पिटंट’ त्याच घरातला. एकाच गोष्टीमागे अनेकांनी लागणं हा अर्थ उत्तरकालीन लॅटिनमधला, आणि दोघं एकाच फणसामागे लागले तर तो वाटून खाणार की डोकी फोडणार, हे धातू सांगत नाही. शेक्सपिअरने ‘कॉम्पिटिटर’ हा शब्द भागीदार या अर्थानेही वापरलाय. ‘कंपीट’ हे क्रियापद मात्र सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत आलं ते चढाओढीचा अर्थ घेऊनच. मग ते जवळजवळ अडगळीत पडलं, अठराव्या शतकाच्या अखेरीस परत वापरात आलं, आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला ब्रिटनमधली मंडळी त्याला स्कॉटिश किंवा अमेरिकन म्हणून नाकं मुरडत होती. यातला ‘खरा’ अर्थ कुठला धरायचा?

धातू सांगितला की अर्थ सांगून झाला, असं मानणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. आपल्या ‘स्पर्धा’चंच बघा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘स्पर्ध्’पुढे ‘संघर्षे’ लिहिलंय. म्हणून काय भजनी स्पर्धेत टाळांनी मारामारी करायची? पैसे भरण्याआधी मुलाच्या इंग्रजीच्या बाईंना विचारा. शाळेच्या वाचनालयातला शब्दकोश फुकट आहे.

प्र. ‘कंपीट विथ’ की ‘कंपीट अगेन्स्ट’? (नोकरदार, पणजी)

दोन्ही. बक्षिसासाठी असेल तर ‘फॉर’.

प्र. आजोबांच्या पोर्तुगीज कागदात थोरल्या काकांच्या नावासोबत ‘कोंपेते’ आहे. मोबाइलने ‘स्पर्धा करतो’ असं भाषांतर दिलं. काकांनी हिश्श्यावर वाद घातला होता का? कागद सहा वर्षं कपाटात आहे. (मडगाव)

पोर्तुगीजमध्ये हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. स्पर्धा करणं हा एक अर्थ. दुसरा, एखादा अधिकार किंवा काम अमक्याकडे असणं. जुन्या लॅटिनमधलं ‘योग्य असणं’ तिथे टिकून राहिलं. कायद्याच्या कागदात बहुधा हा दुसराच अर्थ असतो, आणि तसं असेल तर ज्याला तुम्ही भांडण समजताय ती जबाबदारी ठरेल. पण एका शब्दावरून मी निकाल देणार नाही, मोबाइलनेही देऊ नये. सगळा कागद पोर्तुगीज वाचता येणाऱ्या वकिलाला दाखवा. याच आठवड्यात, आणि काकांशी बोलण्याआधी.

प्र. ‘रायव्हल’ हा शब्द ओढ्यावरून आला म्हणतात. ही पण थापच ना? आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे, वरच्या शेजाऱ्याने पाट वळवलाय, म्हणून आठवलं. (सत्तरी)

ही थाप नव्हे. ‘रीवुस’ म्हणजे ओढा आणि ‘रिवालिस’ म्हणजे त्याच ओढ्याचं पाणी वापरणारा. रोमन लोकांनी पुढे तोच शब्द एकाच बाईवर जीव टाकणाऱ्या दोघांना लावला. संस्कृतनेही वैऱ्यासाठी ‘सपत्न’ हा शब्द ‘सपत्नी’वरून, म्हणजे सवतीवरून घडवला. लॅटिनला पाण्यावरून भांडण सुचलं, आपल्याला घरातूनच.

पाटाचं काय करायचं ते मात्र माझ्या अखत्यारीत नाही. आधी शेजाऱ्याशी बोला, नाहीतर पंचायतीत लेखी द्या. पोफळी पिवळ्या पडायची वाट बघू नका.