घराचा विमा आणि राज्याचा कायदा: अमेरिकेतल्या वाचकांची प्रश्नोत्तरे

बारा वर्षांत एकही क्लेम केला नाही, तरी कंपनीने घराची पॉलिसी यापुढे चालू ठेवणार नाही असं पत्र पाठवलंय. असं करता येतं का? आता काय करू? (एल डोराडो हिल्स, कॅलिफोर्निया)

करता येतं, पण मनाला येईल तसं नाही. मुदत संपण्याच्या किमान ७५ दिवस आधी, कारण देऊन कळवावं लागतं. तेव्हा पत्राची तारीख आणि पॉलिसीची शेवटची तारीख आधी ताडून पाहा. दुसरं, राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या वणव्याच्या हद्दीत किंवा तिला लागून तुमचा झिप कोड येत असेल, तर २०१८च्या कायद्यानुसार पुढचं वर्षभर वणव्याच्या धोक्याचं कारण देऊन पॉलिसी बंद करता येत नाही. असे झिप कोड राज्याच्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात.

ही वेळ का आली, तेही सांगतो. १९८८ साली मतदारांनी प्रपोझिशन १०३ मंजूर केलं तेव्हापासून इथे दरवाढीला विमा आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. वणव्याचं संभाव्य नुकसान जुन्या वर्षांच्या सरासरीवरून काढायचं आणि पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात त्या विम्याचा, खर्च दरात धरायचा नाही, असा दंडक होता. २०१७ आणि २०१८च्या आगींनी ते गणित मोडलं. दर हवे तसे वाढेनात, मग कंपन्यांनी हात आखडता घेतला. स्टेट फार्म या विमा कंपनीने मे २०२३ मध्ये घरांचे नवे अर्ज घेणंच थांबवलं.

त्यावर आयुक्त रिकार्डो लारा यांनी कंपन्यांशी रोखठोक देवघेव केली. वणव्याची संगणकीय मॉडेलं वापरा, पुनर्विम्याचा खर्चही दरात धरा. पण राज्यभरात तुमचा जितका वाटा आहे, त्याच्या किमान ८५ टक्के वाटा धोक्याच्या भागातही उचला. म्हणजे राज्यात शंभरातली २० घरं एखाद्या कंपनीकडे असतील, तर डोंगरउतारावरच्या शंभरातली निदान १७ तिने घ्यायची. हे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. ग्राहक संघटनांना यात कंपन्यांचं चांगभलं दिसतं. मला विचाराल तर, महाग का होईना, विमा मिळणं बरं. फक्त ८५ टक्क्यांचं बंधन टप्प्याटप्प्याने पाळायचं आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर आज बसू नका.

आज करायचं ते घराभोवतीच्या पाच फुटांत. भिंतीलगत पसरलेला लाकडी भुसा काढून खडी टाका. लाकडी कुंपण घराला थेट भिडत असेल तर शेवटचा भाग धातूचा करा. माळ्याच्या झरोक्यांना ठिणगी आत जाणार नाही अशी बारीक जाळी बसवा. हे केल्याचे फोटो आणि पावत्या जपून ठेवा, कारण २०२२च्या नियमानुसार अशा कामांसाठी कंपनीला सवलत द्यावीच लागते. तरीही कुणी दारात उभं करेना, तर फेअर प्लॅन, म्हणजे कुठेच विमा न मिळालेल्यांसाठीची योजना, आहेच. पण तो आग, वीज, धूर, स्फोट एवढ्यापुरता. चोरी, फुटलेला पाइप, पायरीवरून घसरलेला पाहुणा, यांसाठी जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

आग लागली लॉस एंजेलिसला, मी राहतो फ्रिमाँटला. माझ्या बिलावर जादा आकार कसला? (फ्रिमाँट)

त्याच फेअर प्लॅनचा. हा प्लॅन सरकारी नाही, राज्यात घरांचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्या मिळून तो चालवतात. जानेवारी २०२५च्या आगींत त्याची तिजोरी रिकामी झाली, आणि फेब्रुवारीत त्याने सभासद कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर मागितले. त्यातला निम्मा भार, आयुक्तांच्या मंजुरीने, ग्राहकांवर टाकता येतो. आकार तात्पुरता आहे. चिडून कंपनी बदलू नका, दुसरीकडेही तोच येईल.

मुलगी शिकागोजवळ राहते. एका वर्षात घराचा हप्ता पाव पटीने वाढला. तुमच्याकडे आपल्या इर्डासारखं विम्यावर नियंत्रण ठेवणारं कुणी नाही का? (पुणे)

काका, देशपातळीवर नाही. १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्यावरचं नियंत्रण राज्यांकडेच ठेवलं. पन्नास राज्यं, पन्नास तऱ्हा. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचा, विम्याच्या दरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७१ मध्ये संपला, तो पुन्हा झाला नाही. त्यामुळे २०२५ मध्ये स्टेट फार्मने तिथे घरांचे दर सरासरी २७.२ टक्क्यांनी वाढवले, तेव्हा राज्यपाल प्रिट्झकर यांना निषेध करून विधिमंडळाकडे कायदा मागण्यापलीकडे काही करता आलं नाही. कंपनीचं मुख्यालय त्याच राज्यात, ब्लूमिंग्टनला! अर्थात तिथे पॉलिसी देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. मुलीला तीन-चार ठिकाणी भाव काढायला सांगा. छत नवं घातलं असेल तर ते आवर्जून सांगू दे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळ झालं. तेव्हा कुंपणाचा क्लेम केला, पैसे मिळाले. छतावर ओलीचा डाग मात्र डिसेंबर २०२५ मध्ये दिसला. उशीर झाला का? (टॅम्पा, फ्लोरिडा)

नव्या क्लेमसाठी झाला. डिसेंबर २०२२च्या कायद्याने मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. ती डाग दिसल्यापासून मोजत नाहीत. वादळ किनाऱ्याला धडकलं त्या दिवसापासून, म्हणजे ९ ऑक्टोबर २०२४ पासून मोजतात. पण तुमचा कुंपणाचा क्लेम त्याच वादळाचा होता आणि तो कंपनीने तपासलाही होता. तेव्हा छताची मागणी पूरक क्लेम म्हणून करून पाहा. त्याला त्याच दिवसापासून १८ महिने मिळतात. ओल वादळामुळेच आली, असं छताच्या जाणकाराकडून लिहून घ्या.

एक इशारा. पूर्वी घरमालक खटला जिंकला की वकिलाची फी कंपनी भरायची. तेही याच कायद्याने गेलं. २०१९ मध्ये देशातल्या घरविम्याच्या क्लेमपैकी जेमतेम ८ टक्के फ्लोरिडातले, पण खटल्यांपैकी ७६ टक्के तिथले, असा राज्याच्या विमा खात्याचा हिशेब होता. दारोदार फिरून ‘फुकट छत’ विकणारे आणि त्यांच्यामागचे वकील यांनी तो धंदाच केला होता. तो बंद झाला हे चांगलंच, पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. खऱ्या नुकसानीच्या लहान क्लेमला आता वकील मिळता मिळत नाही. त्या बदल्यात कंपनीला ९० ऐवजी ६० दिवसांत पैसे द्यावे किंवा नकार कळवावा लागतो. मागणी लेखीच करा आणि पोच ठेवा.

अपघात नाही, दंड नाही, तरी गाडीचा हप्ता वाढला. (एडिसन, न्यू जर्सी)

पॉलिसीच्या पहिल्या पानावर दायित्वाचे, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देण्याचे, आकडे बघा. तुम्ही किमान विमा घेतला असेल तर तिथे आधी २५/५०/२५ होतं, १ जानेवारी २०२६ पासून ते ३५/७०/२५ झालं. म्हणजे एका जखमी माणसामागे ३५ हजार डॉलर, सगळ्या जखमींचे मिळून ७० हजार, आणि समोरच्याच्या गाडीचे वा मालमत्तेचे २५ हजार. कायद्याने संरक्षण वाढवलं, त्याची किंमत हप्त्यात आली. २०२२ पर्यंत शेवटचा आकडा फक्त ५ होता. पाच हजारांत आज बंपर आणि दिवाही होत नाही. माझं मत विचाराल तर ३५/७० सुद्धा घरदार असलेल्या माणसाला अपुरं आहे. १००/३००चा भाव मागवा. फरक बहुधा वाटतो त्याहून कमी असतो. आणि विमा नसलेल्या चालकाने ठोकलं तर मिळणारी रक्कमही तेवढीच वाढवून घ्या.