वेटमोरसाहेब आणि नोगालेसचं पोस्ट

प्रश्न : माझी भाची अ‍ॅरिझोनात टुसानला शिकते. मेक्सिकोच्या हद्दीवरच्या नोगालेस गावातल्या १९२३ सालच्या पोस्टाचा फोटो तिने पाठवलाय. इमारतीचं सरकारी नाव 'पोस्ट ऑफिस आणि इमिग्रेशन स्टेशन', आणि वास्तुकार म्हणून जेम्स वेटमोर. हेच नाव मला इंटरनेटवर अमेरिकेतल्या कितीतरी पोस्टांखाली सापडलं. एकटा माणूस एवढं कसं बांधेल? आणि पोस्टात इमिग्रेशनचं काय काम?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : एकट्याने नाही बांधलं, आणि खरं सांगायचं तर त्याने काहीच बांधलं नाही. वेटमोर हा वकील. तिकडे त्या काळी पोस्ट, कोर्ट, कस्टम हाउस अशा सरकारी इमारती पोस्टखातं बांधत नसे, अर्थखातं बांधे. त्यासाठी वॉशिंग्टनला त्यांचं वास्तुकार कचेरी म्हणून मोठं ऑफिस होतं. १९१५ मध्ये वेटमोर तिथला 'हंगामी' प्रमुख झाला आणि १९३३ पर्यंत हंगामीच राहिला. अठरा वर्षं! आपल्याकडे प्रभारी साहेब पाहिलेत, पण इतके चिवट नाहीत. त्याच्या कारकिर्दीत दोन हजारांच्या आसपास इमारती झाल्या आणि प्रत्येकीच्या नकाशावर सही त्याची. रेघा मारणारे ड्राफ्ट्समन ओळीने बसलेले असत, त्यांची नावं कुठल्या दगडावर गेली नाहीत. आपल्या मुंबईच्या जीपीओचं तसं नाही. ते १९१३ मध्ये पुरं झालं, जॉन बेगने आखलं आणि त्याचं श्रेय त्याला मिळालं. बेगच्या ओळीत वेटमोरला बसवू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता इमिग्रेशन. नोगालेस नावाची गावं दोन, एक अमेरिकेत आणि एक मेक्सिकोत. मधे फक्त एक रस्ता. पूर्वी तर दारूचा एक गुत्ता थेट हद्दीला खेटून होता. शेवटी १८९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीने हुकूम काढून हद्दीलगतची ६० फुटांची पट्टी मोकळी ठेवायला लावली. पुढे मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री झाली. २७ ऑगस्ट १९१८ ला याच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, त्यात पलीकडच्या गावचा नगराध्यक्षही मारला गेला. त्यानंतर मधे कायमचं कुंपण आलं. त्याच सुमारास, १९१७ च्या कायद्याने, येणाऱ्यावर ८ डॉलर डोईपट्टी बसली आणि वाचता येतं का याची परीक्षा सुरू झाली. म्हणजे तपासनीस हवेत, त्यांना टेबलं हवीत, छप्पर हवं. गाव लहान, दोन स्वतंत्र इमारतींचा खर्च कोण करणार? इमिग्रेशन तेव्हा कामगार खात्याकडे, टपाल पोस्टखात्याकडे, पण बांधणारं खातं एकच. बसवले दोघांना एका छपराखाली. हद्दीवरच्या गावाला ते सोयीचंही होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझी नोकरी लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टात सॉर्टिंगवर झाली, त्यामुळे राहवत नाही. त्या काळच्या अमेरिकन पोस्टांमध्ये कामाच्या हॉलवर छताच्या बाजूने एक बंद, अंधारी गल्ली असे आणि तिला डोळ्यापुरत्या फटी. पोस्टाचे इन्स्पेक्टर वेगळ्या कुलूपबंद दाराने आत शिरत, शिडी चढत आणि वरून बघत बसत, कोण पाकिटं फोडतंय ते. त्या दाराची किल्ली खुद्द पोस्टमास्तरकडेही नसे. मनीऑर्डरीच्या टेबलावर आम्हाला पाठीमागून साहेबाची चाहूल तरी लागायची. तिथे तीही नाही. आमच्या एका सुपरवायझरना अशी गल्ली मिळाली असती तर ते चहालासुद्धा खाली उतरले नसते.

नोगालेसच्या पोस्टात अशी गल्ली आहे का, ते भाचीला विचारा. आत जायला मिळालं तर हॉलच्या भिंतीत वरच्या बाजूला आडव्या बारीक फटी किंवा जाळ्या दिसतात का ते बघायला सांगा. वरवर पाहिलं तर त्या हवेच्या झरोक्यांसारख्या वाटतात. बाहेर कोनशिला असेल तर तिचा फोटोही मागवा. १९२३ मध्ये अर्थमंत्री अँड्र्यू मेलन होते, बहुधा त्यांचं नाव वर आणि वेटमोरचं खाली असेल.