रानातले आवाज टिपायला निघताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी खरेदीची यादी मिळाली, नीट वाचली. गेमसाठी आवाजाचं काम करता करता तुला स्वतः रानात जाऊन आवाज टिपावेसे वाटले, याचा मला मनापासून आनंद झाला. तयार संग्रहातला पाऊस उचलून गेमला लावता येतो, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच मुलखात, दुसऱ्याच झाडांवर पडलेला असतो. सागाच्या रुंद पानांवरचा जूनचा पाऊस, कारवीवरचा पाऊस आणि मंगलोरी कौलांवरचा पाऊस कानाला वेगवेगळे लागतात. ते तुझ्या कामात यायलाच हवेत, तेव्हा खर्च जरूर कर. फक्त यादीचा क्रम बदल. तू रेकॉर्डर पहिल्या ओळीत लिहिला आहेस आणि कपडे, बूट, बसायची सोय अगदी तळाला. माझ्या मते आधी असं सामान घे की तासभर न हलता, न कुडकुडता एका जागी बसता येईल. यंत्र त्यानंतर.

रानात सगळ्यात जवळचा आवाज आपला स्वतःचा असतो. शीळकरी कस्तूर हा पक्षी पावसाळ्यात उजाडायच्या आधी ओढ्याकाठी गायला लागतो. नेमका त्याच वेळी आपण कोपर हलवतो आणि नायलॉनच्या जॅकेटची बाही घासून चर्र होते, ती थेट त्याच्या शिळेवर बसते. हे नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकू म्हणशील तर नाही जमत. कापडाची सळसळ खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्टीत पसरलेली असते. ती पुसायला गेलास की शीळही पुसली जाते. म्हणून वरून सुती किंवा लोकरी कपडा घाल. वेल्क्रोचे खिसे असलेली पँट शहरात ठेव. चाव्या आणि सुटे पैसे सॅकच्या तळाशी. मोबाइल एअरप्लेन मोडवर, कारण सिग्नल शोधताना त्याची गुर्रगुर्र माइकच्या वायरीत शिरते.

माझं सगळ्यात लाडकं सामान कोणतं असं तू विचारलंस. घोंगडी. सोलापूर, सांगली, सातारा या भागांत मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली काळी घोंगडी अजून मिळते. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवी असताना ती ताठ आणि टोचरी लागते. वापरून वापरून अंगासरशी होते. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की बारीक पावसात बराच वेळ निभावतं, आणि भिजली तरी तिची ऊब जात नाही. आपल्या कामाचा गुण वेगळाच आहे: तिच्यावर पडलेला थेंब वाजत नाही. रेनकोटवर तोच थेंब असा टपटपतो की ओढ्याचा आवाज मागे पडतो. कोरड्या दिवसांत तिची घडी घालून बसायला घे, कुरकुरणारं फोल्डिंग स्टूल नको. तोटा एवढाच की भिजली की ती जड होते आणि मुसळधार पावसात चालताना तिचा उपयोग नाही. चालायला रेनकोट ठेव, जागेवर पोचलास की काढून सॅकमध्ये.

बुटांसाठी फार पैसे घालू नकोस. ओल्या कातळावर पकड हवी, बस. ॲक्शनचे साधे ट्रेकिंग शूज सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या पायांत टिकून आहेत ते त्या पकडीमुळे. महागडे वॉटरप्रूफ बूट आपल्या पावसात वरून भरतात आणि मग आतून सुकायचं नाव घेत नाहीत. रात्री बेडकांसाठी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जायचं असेल तर मात्र गमबूटच घाल. जांभ्याच्या सड्यांवर फुरसं असतं. ते लहान दिसतं, पण त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. डोक्याला लावायचा टॉर्च लाल उजेडाचा पर्याय असलेला बघ. रात्री एकट्याने जायचं नाही, आणि कुठे जातोय ते मुक्कामाच्या घरी सांगूनच निघायचं. यात तडजोड नको.

आता वारा. माइकच्या पडद्यावर वारा आदळला की त्या फाइलमधून काहीही हाती लागत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून उसळणारा वारा तू अनुभवला आहेस. तिथे माइकसोबत येणारा स्पंज काय करणार? तो तोंडाच्या फुंकरीपुरता असतो. बाहेर केसाळ कव्हर लागतं, ज्याला आपल्या धंद्यात डेडकॅट म्हणतात. केस वाऱ्याचा जोर मोडतात, पण खरं काम करते ती कव्हर आणि माइक यांच्या मधली स्थिर हवा. म्हणून माइकला घट्ट चिकटून बसणारं कव्हर घेऊ नकोस. जाळीच्या सांगाड्यावर चढणारं घे, महाग पडलं तरी. आणि तिपाई छोटी वापर. जमिनीलगत वारा मंद असतो, दगडाच्या आडोशाला आणखी मंद.

रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचाच, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही न फाटता साठवणारा हवा असं तू लिहिलंस, ते पटलं. झूम कंपनीचा एफ३ हा असा रेकॉर्डर २०२२ मध्ये आला, २०२४ मध्ये त्यांच्या स्वस्त एसेन्शियल मालिकेतही तीच सोय आली. पहाटेच्या शांततेत रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि अचानक डोक्यावर वीज कडाडली, तरी आवाज नंतर खाली ओढला की गडगडाट शाबूत सापडतो. पण यामुळे माइक सुधारत नाही. प्रत्येक माइकला स्वतःची बारीक सूंसूं असते. शहरात ती झाकली जाते; हिवाळ्यात, रातकिडे थांबल्यावर, रानात ती उघडी पडते. माहितीपत्रकात सेल्फ नॉइजचा, म्हणजे या सूंसूंचा, आकडा बघायची सवय लाव; तो जितका कमी तितका माइक शांत. प्रिमो कंपनीची ईएम२७२ ही बोटाच्या पेरापेक्षा लहान कॅप्सूल (माइकमधला आवाज पकडणारा भाग) १४ डेसिबलची आहे आणि किमतीच्या मानाने इतकी शांत की हौशी मंडळी तिच्या जोड्या सोल्डर करून स्वतःचे माइक बनवतात. तुझा हात सोल्डरिंगला बसलेला आहे, तेव्हा तू बनवच. या कॅप्सूलना प्लग-इन पॉवर, म्हणजे रेकॉर्डरच्या माइक-जॅकमधून मिळणारी थोडीशी वीज, लागते. एफ३ ला त्या थेट जोडता येत नाहीत, मध्ये ॲडॉप्टर लागतो. तो खर्च हिशेबात धर.

४८ किलोहर्ट्झ सँपल रेटला (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं), ३२ बिट, दोन चॅनेलची फाइल तासाला साधारण १.४ जीबी होते, ९६ ला दुप्पट. नुसत्या वातावरणाला ४८ पुरे. एखादा आवाज मंद करून त्यातून प्राणी किंवा राक्षस घडवायचा असेल तर ९६ वर जा, आणि माइक तेवढं वरचं ऐकतो का तेही तपास.

हेडफोन सोनीचे एमडीआर-७५०६ घे. १९९१ पासून तेच मॉडेल चालू आहे. बंद कपांचे असल्याने आवाज बाहेर गळत नाही. आपल्या दमट हवेत त्यांच्या गाद्यांवरचं आवरण सोलतं आणि काळे पापुद्रे कानाला चिकटतात. घाबरू नकोस, गाद्या सुट्या मिळतात आणि घरी बदलता येतात.

दमटपणावरून आणखी एक. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बॅग उघडायची नाही. गार माइकवर लगेच दव धरतं आणि तो तडतडायला लागतो. बॅग बंदच ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू दे, तोवर चहा घे. घरी आल्यावर सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायचं.

सेल रिचार्जेबल, एनेलूपसारखे. ते १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. रेकॉर्डरच्या मेन्यूत सेलचा प्रकार बदलला नाहीस तर तो भरलेले सेलही अर्धे दाखवतो. पॉवर बँक घेणार असशील तर आधी घरी रात्रभर लावून बघ, काही पॉवर बँका रेकॉर्डरची एवढीशी ओढ ओळखत नाहीत आणि आपोआप बंद पडतात.

वही आणि पेन्सिल विसरू नकोस. पेन पावसात फुटतं. शिवाय प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी माइकसमोर तारीख, वेळ, जागा आणि आभाळ कसं होतं ते बोलून ठेव. शेवटी अशासाठी की सुरुवातीला बोललास तर आसपासचे जीव गप्प होतात, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत तुझा धीर सुटतो.

लॅपटॉपबद्दल मला फार सांगायचं नाही, आहे तो चालेल. आवाज संपादनाचं रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघ, आवडलं तर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. फाइली मात्र दोन वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी प्रत घराबाहेर.

अभयारण्यात जायचं तर आधी वनखात्याची परवानगी. आणि पक्षी बोलावा म्हणून त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवू नकोस, विणीच्या काळात तर अजिबात नाही. आपली हद्द राखायला तो घरटं सोडून येतो, पिल्लं उघडी पडतात. आपल्या फाइलसाठी ही किंमत त्याने का मोजावी?

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की आंबोलीला ये. रात्री झुडपी बेडूक टिकटिक करायला लागतात तेव्हा माइक कुठे ठेवायचा हे शेजारी बसूनच दाखवता येईल. तोवर कॅप्सूलची जोडी बनवून गच्चीवर पहाटे तासभर रेकॉर्डिंग कर आणि ती फाइल काहीही न छाटता मला पाठव.

तुझी,
ताई